मंगळाचे दगड जवळून पाहताना

दर काही महिन्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंगळाचे एखादे छायाचित्र येऊन पडते. कधी दगडावर उमललेले फूल, कधी डोंगरात कोरलेला दरवाजा, कधी समुद्रातल्या प्रवाळासारखी फांदी. खाली ओळ असते, ‘नासाने हे जगापासून लपवून ठेवले होते.’ घरातले मूल विचारते, ‘अब्बा, हे खरे आहे का?’ आणि बहुतेक वेळा उत्तर देण्याआधीच तो फोटो पुढच्या ग्रुपवर रवाना झालेला असतो.

गंमत अशी की यातली बरीच छायाचित्रे खरी असतात. ती लपवलेलीही नसतात. मंगळावरच्या रोव्हरने, म्हणजे फिरत्या यंत्राने पाठवलेली छायाचित्रे नासा स्वतःच आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवते. खोटी असते ती खालची ओळ. फोटो खरा आणि अर्थ खोटा, ही जोडी साध्या खोट्यापेक्षा जास्त फसवी असते.

मग खरा अर्थ लावायचा कसा? कोट्यवधी मैलांवरच्या दगडाचा एक फोटो पाहून, हात न लावता, शास्त्रज्ञ काय ठरवू शकतात आणि काय नाही? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत याची काही फार सुंदर उदाहरणे घडली आहेत. ती मंगळाबद्दल तर शिकवतातच, शिवाय आपल्या हातातल्या मोबाइलबद्दलही बरेच काही सांगून जातात.

नखाएवढे फूल, गुडघ्याखालचा दरवाजा

पहिला घोळ आकाराचा. फोटोत शेजारी माणूस नाही, झाड नाही, गाय नाही. मग समोरची वस्तू डोंगराएवढी की दाण्याएवढी, हे डोळ्याला कळत नाही.

मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरने टिपलेला ‘दरवाजा’ जगभर फिरला. आत जाण्याची वाट, वर चौकट, सगळे कसे नीट कोरल्यासारखे. प्रत्यक्षात ती खडकातली भेग सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद होती. त्यातून मांजर आत गेले असते, माणूस नाही. खडकाला वेगवेगळ्या दिशांनी सरळ तडे गेले होते. दोन-तीन तडे जिथे मिळाले तिथला तुकडा निखळला आणि चौकट तयार झाली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत याच रोव्हरने एक ‘फूल’ टिपले. त्याची रुंदी जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. जुलै २०२५ मध्ये टिपलेले ‘प्रवाळ’ सुमारे अडीच सेंटिमीटरचे, आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित लहान. दोन्हींची जन्मकथा एकच. अब्जावधी वर्षांपूर्वी खडकाच्या फटींतून पाणी झिरपले. त्यात विरघळलेली खनिजे फटींमध्ये साचून घट्ट झाली. पुढे पाणी गेले आणि वाऱ्याने भोवतालचा मऊ खडक झिजवून टाकला. कठीण भाग तेवढा उरला. आपल्याकडे एखाद्या जुन्या भिंतीत विटा झिजून जातात आणि त्यांच्यामधली सिमेंटची जोडणी जाळीसारखी बाहेर उरते, तसेच हे. तिथे फूल कधी उमलले नव्हते, पण पाणी नक्की वाहिले होते. खरी बातमी ती होती आणि फॉरवर्ड झालेल्या ओळीत तिचा पत्ताच नव्हता.

आकाराचा घोळ टाळायला भूशास्त्रज्ञांची एक जुनी सवय आहे. दगडाचा फोटो काढताना ते शेजारी एक नाणे ठेवतात. म्हणूनच २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटीवर १९०९ सालचे एक अमेरिकी नाणे बसवलेले आहे. दगड जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याची पारख त्या नाण्याकडे बघून करता येते. हा कॅमेरा दगडाच्या अगदी दोन सेंटिमीटरवर जाऊन केसाच्या जाडीहून बारीक कणही वेगळे दाखवू शकतो.

गोल दाण्यांचे कोडे

बारीक छायाचित्रांवरून निष्कर्ष कसा काढावा याचा सर्वांत चांगला धडा ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरने दिला. तो २५ जानेवारी २००४ रोजी मेरिडियानी नावाच्या सपाट मैदानावर उतरला आणि गडगडत जाऊन सुमारे २२ मीटर रुंदीच्या एका लहान विवरात थांबला. त्याच्या हातावर भिंगासारखा एक कॅमेरा होता. एका वेळी तो दगडाचा फक्त तीन सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा पाहत असे, तोही कृष्णधवल.

पहिल्याच छायाचित्रांमध्ये शास्त्रज्ञ चक्रावले. जमिनीवर हजारो बारीक गोल दाणे पसरलेले होते, बहुतेक काही मिलिमीटरचे. खडकातही ते शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे रुतून बसले होते. रंग वाढवून दाखवणाऱ्या चित्रांत ते निळसर दिसले, म्हणून त्यांचे नाव पडले ‘ब्लूबेरी’. प्रत्यक्षात ते करडे होते.

असे गोल दाणे तयार कशाने होतात? तीन शक्यता समोर होत्या. ज्वालामुखीने हवेत उडवलेले थेंब थंड होऊन गोल झाले असतील. मोठी उल्का आदळून वितळलेल्या खडकाचे शिंतोडे उडाले असतील. किंवा पाण्याने भिजलेल्या खडकाच्या आत खनिज थरांवर थर साचत गोटी बनली असेल. तिन्ही दाणे फोटोत सारखेच दिसले असते. नुसत्या दिसण्यावरून निकाल लागणार नव्हता.

मग एकेक तपासणी सुरू झाली. पहिला प्रश्न, दाणे खडकात कुठे आहेत? वरून पडले असते तर ठरावीक थरांत दाटी झाली असती, कारण स्फोट रोज होत नाहीत. इथे मात्र ते सगळ्या थरांमध्ये विखुरलेले होते. दुसरा प्रश्न, दाण्याभोवतीचे थर वाकलेले आहेत का? मऊ चिखलावर खडा पडला तर खालचा थर दबतो. पण काही दाण्यांमधून खडकाचे थर जणू आरपार गेलेले दिसत होते. दाणा नंतर तिथेच वाढल्याचे हे लक्षण. तिसरा पुरावा, काही ठिकाणी दोन दाणे एकमेकांना चिकटून वाढलेले सापडले.

उरला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, दाणे कशाचे बनले आहेत? एकटा दाणा इतका लहान की उपकरणाला त्याच्यासोबत भोवतालचा खडकही मोजावा लागे. शेवटी एका दगडाच्या खोलगट भागात दाण्यांचा ढीग साचलेला सापडला. आधी ढिगावर आणि मग शेजारच्या उघड्या दगडावर उपकरण ठेवले. दोन्ही मोजमापांतला फरक म्हणजे दाण्यांचा घटक. उत्तर आले हेमटाइट, म्हणजे लोहाचे एक खनिज. ही जागा निवडली गेली होती तीच मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला वरून इथे हेमटाइट दिसले होते म्हणून.

याच खडकात आणखी एक बारीक खूण होती. चपट्या, अरुंद पोकळ्या, जणू कुणी नखाने ओरखडे काढलेत. तिथे पूर्वी मिठासारखे स्फटिक वाढले होते आणि नंतर विरघळून किंवा झिजून गेले होते. त्यांचे साचे तेवढे उरले. जोडीला जॅरोसाइट नावाचे खनिज सापडले, जे आम्लयुक्त पाण्यात तयार होते. पोकळ्या, दाणे, खनिजे आणि थर, या चारही साक्षी एकाच दिशेने बोलल्या तेव्हा मार्च २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की हा खडक एके काळी पाण्याने पुरता भिजलेला होता.

पृथ्वीवरही अशा गोट्या आहेत. अमेरिकेतल्या युटा राज्यात वाळूच्या खडकांतून लोहाच्या गोल गोट्या निघतात आणि त्या भूजलामुळेच बनलेल्या आहेत. आपल्या रत्नागिरी-रायगडाकडच्या घरांचा जांभा दगड लालसर दिसतो तोही लोहाच्या याच कुळातल्या खनिजांमुळे. पावसाचे पाणी खडकातली बाकीची द्रव्ये वाहून नेते आणि लोह मागे राहते.

पण गोष्ट इथे संपली नाही. आठ वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, त्याच ऑपॉर्च्युनिटीला दुसऱ्या एका विवराच्या कडेवर गोल दाण्यांनी खच्चून भरलेला खडक दिसला. कुणीही म्हटले असते, पुन्हा ब्लूबेरी! तपासले तर त्यांत लोहाचे प्रमाण फारसे नव्हते. बाहेर कडक कवच आणि आत मऊ, असा त्यांचा प्रकार होता. म्हणजे दिसायला तेच, जातीने वेगळे. मार्च २०२५ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हरलाही शेकडो करड्या दाण्यांचा एक दगड सापडला. पण तो आपल्या मूळ जागेवरून निसटून आलेला सुटा दगड होता. कुठल्या थरातला ते कळेना, त्यामुळे त्याची कहाणी सांगणे फार अवघड झाले. माणसाप्रमाणे दगडालाही त्याचे गाव आणि शेजार विचारावा लागतो.

अल-बिरूनी यांनी पाहिलेले गोटे

कधी कधी मात्र आकारच साक्ष देतो. सप्टेंबर २०१२ मध्ये क्युरिऑसिटीला गेल विवरात एक तुटका खडक दिसला. त्यात वाळूबरोबर गुळगुळीत गोटे घट्ट बसलेले होते, काही तर गोल्फच्या चेंडूएवढे. खडे गुळगुळीत होतात ते लांबवर घासत, आपटत गेल्यामुळे. हे काम वारा करू शकतो किंवा पाणी. मंगळाची हवा फार विरळ आहे, तिचा दाब पृथ्वीच्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढे मोठे गोटे वाहून नेणे तिथल्या वाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. उरले पाणी. गोट्यांच्या आकारावरून अंदाज बांधला गेला की तो ओढा घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावा.

हा युक्तिवाद वाचताना एक जुने नाव आठवल्यावाचून राहत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल-बिरूनी यांनी हिंदुस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात इथल्या जमिनीतल्या गोल गोट्यांची नोंद केली आहे. त्यांनी पाहिले की पर्वतांजवळ, जिथे नद्या जोरात वाहतात, तिथे मोठे दगड सापडतात. जसजसे दूर जावे तसतसे ते लहान होत जातात आणि नद्यांच्या मुखाशी, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे नुसती वाळू उरते. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की हा सपाट प्रदेश एके काळी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो हळूहळू भरत गेला असावा. त्यांच्याजवळ भिंगाचा कॅमेरा नव्हता. होती ती निरीक्षणाची सवय आणि ‘हा दगड इथे आला कसा?’ हा प्रश्न. गेल विवरातल्या गोट्यांना आजच्या शास्त्रज्ञांनी तोच प्रश्न विचारला.

आपणच नेलेला पसारा

विचित्र दिसणारी प्रत्येक गोष्ट मंगळाची असतेच असे नाही. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटीच्या फोटोत सशाच्या कानांसारखी एक पिवळसर वस्तू दिसली, चार-पाच सेंटिमीटर लांब. लोकांनी तिला जिवंत प्राणीच ठरवून टाकले. तपासाअंती ती यानाच्याच मऊ सामानाचा, बहुधा उतरताना फुगवलेल्या हवेच्या पिशव्यांचा तुकडा असावी असे दिसले. ऑक्टोबर २०१२ मध्ये क्युरिऑसिटीजवळच्या जमिनीवर काहीतरी चकाकले. काम थांबवून त्याची छायाचित्रे घेतली गेली, तर तो रोव्हरवरून पडलेला प्लॅस्टिकचा तुकडा असावा असे आढळले. पुढे वाळू उपसलेल्या खड्ड्यातही चकाकणारे कण दिसले, तेव्हा पुन्हा शंका आली. पण ते कण मंगळाच्याच मातीतले ठरले. दोन्ही वेळा शंका घेतली गेली आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले.

जानेवारी २०१४ चा किस्सा तर विनोदी आहे. ऑपॉर्च्युनिटीने एका जागेचे दोनदा फोटो घेतले. पहिल्या फोटोत रिकामी असलेली जागा बारा मंगळी दिवसांनंतरच्या फोटोत भरलेली होती. कडेने पांढरट, मधोमध लाल, जॅम भरलेल्या डोनटसारखा चार सेंटिमीटरचा एक दगड तिथे येऊन बसला होता. नासाने याचा नीट तपास करावा म्हणून अमेरिकेत एकाने चक्क कोर्टात अर्ज केला. शास्त्रज्ञांनी रोव्हरला थोडे पुढे नेले आणि मागे वळून पाहिले. रोव्हरच्या चाकाखाली एक दगड फुटलेला होता आणि हा त्याचाच उडालेला तुकडा होता. फेब्रुवारीत प्रकरण मिटले.

डोळा फसतो कसा?

आपल्या डोळ्याला चेहरे शोधण्याची सवय आहे. तान्हे बाळसुद्धा आधी चेहऱ्याकडे बघते. म्हणून ढगात, भिंतीच्या ओलीत, पोळीवरच्या डागांतही आपल्याला चेहरे आणि अक्षरे दिसतात.

जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ यानाने मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो पाठवला. त्यात डोळे, नाक, तोंड असलेला मानवी चेहरा दिसत होता. तिरप्या उन्हाच्या सावल्यांचा हा खेळ आहे, असे नासाने फोटो प्रसिद्ध करतानाच सांगितले होते, पण पुढची वीस वर्षे त्यावर पुस्तके निघत राहिली. त्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ४३ मीटरांएवढा होता. २००१ मध्ये दुसऱ्या यानाने तीच टेकडी दीड मीटरच्या बारकाईने टिपली आणि चेहरा नाहीसा झाला. उरली ती एक झिजलेली टेकडी.

बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोमध्ये काम केलेले इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात प्रकाश आणि दृष्टी यांवर ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा एक पूर्ण भाग डोळ्याच्या चुकांवर आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की पाहणे हे फक्त डोळ्याचे काम नसते. समोर आलेल्या आकाराची आपले मन पूर्वी पाहिलेल्या गोष्टींशी तुलना करते आणि पटकन निवाडा देते. हे इतक्या झटपट घडते की आपण निवाडा दिला हे आपल्या लक्षातही येत नाही. अंतर फार असेल, प्रकाश कमी असेल, वस्तू फार लहान असेल किंवा पाहायला वेळ कमी मिळाला असेल, तर हा निवाडा चुकतो. मंगळाच्या फोटोत यातल्या बहुतेक अडचणी एकत्र येतात. मोबाइलच्या पडद्यावर तर वेळेचीही टंचाई असते.

१९९६ चा धडा

सामान्य माणूसच फसतो असे नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात १९८४ मध्ये सुमारे दोन किलो वजनाची एक उल्का सापडली. तिचे नाव एएलएच ८४००१. ती मंगळावरून आलेली आहे. मंगळावर काही आदळले की तिथले तुकडे अवकाशात उडतात आणि त्यांतले काही लाखो वर्षे भटकून पृथ्वीवर पडतात. बिहारमधल्या शेरघाटी इथे १८६५ मध्ये पडलेली उल्काही अशीच मंगळाची आहे आणि या प्रकारच्या उल्कांना आजही जगभर तिच्याच नावाने ओळखले जाते.

ऑगस्ट १९९६ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी या अंटार्क्टिकातल्या उल्केचे अतिसूक्ष्म फोटो प्रसिद्ध केले. त्यांत अळ्यांसारखे लांबट आकार दिसत होते, जाडीने केसाच्या साधारण हजारव्या भागाएवढे. मंगळावरच्या प्राचीन सूक्ष्मजीवांच्या या खुणा असू शकतात, असे त्यांनी मांडले. त्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनीही यावर निवेदन केले.

मग इतरांनी तपासणी सुरू केली. कुणी म्हणाले, हे आकार एका जिवंत पेशीचे सामान मावण्याइतकेही मोठे नाहीत. कुणी दाखवले की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी नमुन्यावर धातूचा पातळ थर चढवतात आणि त्यामुळेही असे आकार दिसू शकतात. दगडातले कार्बनी पदार्थ जीवांशिवाय, नुसत्या पाणी आणि खडकाच्या प्रक्रियेतूनही बनू शकतात, असे पुढच्या अभ्यासांनी सांगितले. आज बहुतेक शास्त्रज्ञांना तो दावा पटत नाही. पण दावा करणाऱ्यांनी आपला पुरावा उघडा ठेवला होता, म्हणूनच तो तपासता आला. जीवनाच्या खुणा ओळखण्याचे निकष त्यानंतर कितीतरी कडक झाले.

बिबट्याचे ठिपके

त्या कडक निकषांची परीक्षा आता चालू आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हरन्सला जेझेरो विवराजवळच्या एका कोरड्या नदीपात्रात सुमारे एक मीटर लांबीचा लालसर दगड मिळाला. त्याला ‘चेयावा फॉल्स’ नाव दिले गेले. जवळून पाहिले तर त्यावर मिलिमीटरभर आकाराचे फिके ठिपके होते आणि प्रत्येकाभोवती काळी किनार. अगदी बिबट्याच्या कातडीसारखे.

सप्टेंबर २०२५ मध्ये याचा सविस्तर अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात आला. काळ्या किनारीत लोह आणि फॉस्फेट यांचे एक खनिज आणि ठिपक्यांत लोह-गंधकाचे दुसरे खनिज असावे, असे मोजमापांवरून दिसते. दगडात कार्बनी पदार्थही आहेत. पृथ्वीवर ओल्या चिखलात सूक्ष्मजीव कार्बनी पदार्थांवर जगतात तेव्हा अशी खनिजे मागे राहतात. पण हीच खनिजे जीवांशिवायही तयार होऊ शकतात. त्यासाठी बहुधा जास्त उष्णता लागते आणि हा दगड तसा तापल्याच्या खुणा आढळलेल्या नाहीत.

एवढे असूनही शास्त्रज्ञांनी वापरलेले शब्द पाहण्यासारखे आहेत. ते म्हणाले, ही जीवनाची ‘संभाव्य खूण’ आहे. जीवन सापडले, असे कुणीही म्हटले नाही. दगडाचा एक तुकडा नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तपासला गेला तर बरेच काही उलगडेल. तोवर उत्तर उघडे ठेवायचे. १९९६ च्या गाजावाजानंतर आलेले हे शहाणपण आहे.

चंद्राची भेग आणि आपली जबाबदारी

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरणारा आणखी एक फोटो आहे, चंद्रावरच्या लांब भेगेचा. ‘शक्कुल कमर’चा, म्हणजे चंद्र दुभंगल्याचा पुरावा नासाला सापडला, असे त्याखाली लिहिलेले असते. फोटो खरा आहे. १९६९ मध्ये अपोलो १० मधून तो घेतला गेला. पण ती सुमारे ३०० किलोमीटर लांबीची एक खोलगट दरी आहे. चंद्राला वळसा घालून ती जात नाही आणि चंद्रावर अशा दऱ्या इतरही आहेत. जमिनीचा पट्टा दोन तड्यांच्या मध्ये खचला की अशी दरी बनते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मोजिजावर आपला विश्वास कुरआन आणि हदीस यांच्या आधारे आहे. तो त्या फोटोवर कधीच उभा नव्हता. मग त्याला चुकीच्या फोटोचा टेकू कशासाठी द्यायचा? याचे नुकसान घरातल्या मुलांना सोसावे लागते. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा उद्या कॉलेजात जाईल आणि पाच मिनिटांत शोधून काढेल की त्या फोटोखालची ओळ खोटी होती. त्या वेळी ‘अम्मी-अब्बांनी सांगितलेले बाकीचेही असेच असेल का?’ हा प्रश्न त्याच्या मनात आला, तर त्याला आपणच वाट करून दिलेली असेल. ढगात, फळात किंवा दगडावर पवित्र नाव दिसल्याचे फोटो पुढे ढकलतानाही हाच विचार करायला हवा. अल्लाहच्या निशाण्या पाहायच्या तर मंगळावरचा खराखुरा ओढा काय कमी आहे?

सूरह अल-हुजुरातमध्ये आपल्याला बजावले आहे की कुणी भरवसा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. व्हॉट्सॲपवरच्या ‘फॉरवर्ड’चा तर मूळ माणूसच आपल्याला माहीत नसतो. तिथे ही आज्ञा किती जास्त लागू व्हायला हवी!

घरी करून पाहा

सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर करता येईल असा एक खेळ आहे. महाराष्ट्रातला बराचसा दगड काळा आहे, लाव्हा थंड होऊन बनलेला. मंगळावरही या जातीचा दगड मुबलक आहे. विहीर किंवा रस्ता खणलेल्या जागेजवळ असा एखादा तुकडा मिळाला तर पाहा, त्यात गोल पोकळ्या असतील. लाव्हामध्ये अडकलेल्या वायूंचे ते बुडबुडे. काही पोकळ्यांत पांढरे, चकाकणारे स्फटिक असतील, पुढे पाण्याबरोबर येऊन साचलेले.

या दगडाचा मोबाइलने अगदी जवळून एक फोटो घ्या, शेजारी काहीही न ठेवता. मग दहा रुपयांचे नाणे ठेवून दुसरा घ्या. तिसरा सकाळच्या तिरप्या उन्हात, चौथा दुपारी. पहिला फोटो दादी-नानींना किंवा मामूंना दाखवा आणि विचारा, ‘हे काय आहे? केवढे आहे?’ उत्तरे ऐकून मुलांना जे कळेल ते कुठल्याही व्याख्यानातून कळणार नाही. सावलीने खड्डा उंचवटा दिसतो आणि नाणे नसेल तर गुहा वाटते.

यानंतर कुठलाही नवलाचा फोटो आला की मुलांना पाच प्रश्न विचारायची सवय लावता येईल. ही वस्तू केवढी आहे? उजेड कुठून येतो आहे? हिच्या आजूबाजूला काय आहे? दिसण्याखेरीज दुसरा पुरावा कोणता? आणि आणखी कशामुळे असे दिसू शकेल? ब्लूबेरीचे कोडे याच प्रश्नांनी सुटले.

पाचही प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर मिळेलच असे नाही. मग ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नये. इमाम मालिक (रह.) यांच्याबद्दल सांगितले जाते की दूरदूरून आलेल्या लोकांच्या कितीतरी प्रश्नांना ते मोकळेपणाने ‘मला माहीत नाही’ असे उत्तर देत. आपले उलेमाही आपले मत मांडून झाल्यावर शेवटी ‘वल्लाहु आलम’ लिहितात, म्हणजे खरे काय ते अल्लाहलाच ठाऊक. बिबट्याच्या ठिपक्यांचा दगड आज त्याच टप्प्यावर आहे. मुलाने त्याबद्दल विचारले तर सांगावे, ‘बेटा, अजून कळलेले नाही. शोध चालू आहे. आपणही लक्ष ठेवू.’